प्रार्थनेनं बरं होणं: बायबल काय सांगतं आणि पंडिता रमाबाईंनी काय केलं

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.

आपल्या भागात प्रार्थनासभांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. कुणी कुबड्या बाजूला ठेवून चालून दाखवतं, कुणाचं वर्षानुवर्षांचं दुखणं एका मिनिटात गेलेलं असतं. खाली कमेंटमध्ये ठरलेले दोन तट. एक तट ‘आमेन’ लिहितो, दुसरा तट ‘धर्मांतराचा धंदा’ म्हणतो. शिवीगाळ होते, ॲडमिन कमेंट बंद करतो, विषय संपला.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच करत नाही. ज्या पुस्तकाच्या नावानं हे चालतं ते पुस्तक उघडून बघत नाही. मी ख्रिस्ती नाही, पण इतिहासाचं वाचन करणारा माणूस आहे आणि मराठी बायबल माझ्या कपाटात बरीच वर्षं आहे. मला या वादातलं एकच वाक्य टोचतं. गोळ्या बंद करा, फक्त विश्वास ठेवा, असं काही ठिकाणी सांगितलं जातं. आणि माणूस बरा झाला नाही की पुढचं वाक्य तयार असतं: तुमचा विश्वासच कमी पडला. म्हणजे आजार त्याचा आणि गुन्हाही त्याचाच. फिट्स येणाऱ्या पोराची आई हे ऐकून घरी जाते तेव्हा तिच्या डोक्यात काय चालत असेल?

तर हे वाक्य शास्त्रात आहे का, आणि आपल्या महाराष्ट्रात ज्या बाईनं बायबल सगळ्यात मनापासून वाचलं तिनं काय केलं, एवढंच आज लिहितोय.

आधी पुस्तक. मार्कच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात एक बाई आहे. बारा वर्षं तिचा रक्तस्राव थांबलेला नाही. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे अशी बाई विटाळशी. आपल्याकडे म्हणायचे ना, बाजूला बसलीय? ही बारा वर्षं बाजूला बसलेली. मार्क पुढे लिहितो की बऱ्याच वैद्यांच्या हाताखाली तिचे हाल झाले, होतं नव्हतं ते सगळं खर्च झालं, गुण आला नाही, उलट दुखणं वाढलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य आज परभणीच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकाच्या तोंडी शोभेल. दोन एकर विकले आणि गुण नाही. लोक सभांना का जातात याचं अर्धं उत्तर इथंच आहे, आणि ‘अडाणी आहेत’ म्हणून हसणाऱ्यांनी ते आधी समजून घ्यावं.

गंमत अशी की हीच गोष्ट लूकही सांगतो. लूक स्वतः वैद्य होता असं परंपरा मानते. कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. लूकच्या लिखाणात वैद्यांवरचा तो ठपका पुष्कळच सौम्य झालाय. तिला कुणाकडूनच गुण आला नाही एवढं तो कबूल करतो, पण हाल झाले आणि दुखणं वाढलं हे गाळून टाकतो. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला सांभाळून घेतो, तसं काहीसं.

ती बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. गोष्ट इथंच संपवता आली असती. पण येशू थांबतो, कुणी हात लावला विचारतो, तिला सगळ्यांसमोर बोलावतो आणि ‘मुली’ अशी हाक मारतो. जिचा स्पर्श विटाळ मानला जायचा तिला भर गर्दीत लेकीच्या नात्यानं हाक. आणि मग म्हणतो की तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं.

या ‘बरं केलं’मागे मूळ ग्रीकमधलं जे क्रियापद आहे, त्याचे दोन अर्थ होतात: बरं करणं आणि तारणं. लूकच्या सातव्या अध्यायात एका पापी म्हणून हिणवलेल्या बाईला येशू अगदी तेच वाक्य बोलतो. तिला कसलाच आजार नाही. तिथं मराठी भाषांतरकाराला ‘तारलं’ लिहावं लागतं, इथं ‘बरं केलं’. मुळात शब्द एकच. म्हणजे या पुस्तकात बरं होणं हे फक्त रिपोर्ट नॉर्मल येणं नाही. वाळीत पडलेला माणूस परत माणसांत येणं, हेही त्यात आहे.

आता विश्वासाचा हिशेब बघू. कफर्णहूमच्या एका घरात येशू बोलतोय, दारात मुंगी शिरायला जागा नाही. चौघं जण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घेऊन येतात. आत जाता येईना म्हणून ते छपरावर चढतात आणि छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. शहरातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण आपण मराठवाड्यातली माणसं. मातीचं माळवद काय असतं आणि ते उकरायला किती वेळ लागतो, हे आपल्याला सांगायला नको. घरमालकाच्या शिव्याही ऐकू येतील. तिथं मार्क लिहितो की येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. त्या माणसाला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास त्यात धरलाय. रोग्यानं तर तोंडसुद्धा उघडलेलं नाही.

योहानात अडतीस वर्षं पडून असलेला माणूस आहे. तो बरा होतो तेव्हा आपल्याला कुणी बरं केलं हेच त्याला ठाऊक नसतं. त्याची विश्वासाची परीक्षा कुणी घेतली? त्याच योहानात नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला माणूस येतो. शिष्य विचारतात, पाप याचं की याच्या आईबापाचं? आपल्याकडे प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत येतो, गेल्या जन्मीचं काहीतरी असेल. येशूचं उत्तर आहे की याचंही नाही आणि आईबापाचंही नाही.

आणि फिट्सचा पोरगा. तो मार्कच्या नवव्या अध्यायात आहेच. लहानपणापासून झटके, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांना तो बरा करता आला नव्हता. बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, पण जो कमी आहे त्यात मला मदत कर. असा अर्धामुर्धा विश्वास घेऊन आलेल्या बापाला येशू परत पाठवत नाही. पोरगा बरा होतो. नंतर शिष्य बाजूला घेऊन विचारतात की आमच्याच्यानं का झालं नाही. मत्तयात याचं उत्तर आहे: तुमचा विश्वास कमी. नीट वाचा. कमी पडल्याचा ठपका प्रार्थना करणाऱ्यांवर आहे. पोरावर नाही, बापावर नाही. आजच्या सभांत हा ठपका बरोबर उलट्या दिशेनं जातो.

एक ठिकाण मात्र अडचणीचं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नासरेथ या स्वतःच्या गावात, लोकांच्या अविश्वासामुळे येशूला मोठं काही करता आलं नाही असं मार्क लिहितो. पण तिथंही तो पुढे नोंदवतो की थोड्याफार रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं. अविश्वास होता तो ‘हा तर आपल्या सुताराचा पोर’ म्हणून नाक मुरडणाऱ्या गावाचा.

मग जे बरे झाले नाहीत त्यांचं काय? तेही पुस्तकात आहेत, फक्त व्हिडिओत येत नाहीत. पौलाच्या अंगात एक काटा होता, म्हणजे कसलंतरी कायमचं दुखणं किंवा त्रास. तीनदा प्रार्थना केली, काटा गेला नाही, त्यासह जगावं लागलं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला तर त्याला मिलेत गावी मागं ठेवून पुढं जावं लागलं. तरुण तीमथ्याला पोटाचा त्रास, त्याला पत्रात सल्ला मिळतो की नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घेत जा. त्या काळात ते औषधच होतं.

औषधाशी या पुस्तकाचं वैर कुठंच दिसत नाही. जुन्या करारात हिज्कीया राजा मरणाला टेकतो, भिंतीकडं तोंड करून रडत प्रार्थना करतो. प्रार्थना ऐकली जाते, आणि यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरं वाटून गळवावर लावा. प्रार्थना आणि पोटीस एकाच गोष्टीत. तो चांगला शोमरोनी, ज्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलीय, जखमी वाटसरूच्या जखमांना तेल आणि द्राक्षारस लावतो, पट्ट्या बांधतो, सराईत नेतो आणि मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवून म्हणतो, जास्त लागले तर परत येताना देईन. मला तर ही उपचाराच्या बिलाची सगळ्यात जुनी हमी वाटते. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडील माणसांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. तिथंही विश्वासाची प्रार्थना वडील माणसांनी करायची आहे. आणि कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे, त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान ठेवा, औषधं देवानंच जमिनीतून निर्माण केलीत, शहाण्यानं ती नाकारू नयेत, असं स्पष्ट सांगितलंय.

पैशाचं तर दोन ओळीत संपतं. शिष्यांना पाठवताना येशू बजावतो की फुकट मिळालंय, फुकट द्या. अलीशाचा चाकर गेहजी बऱ्या झालेल्या नामानाकडून गुपचूप चांदी उकळतो आणि त्याचंच कोड त्याला जडतं.

हे झालं शास्त्र. आता इतिहास, आणि तोही आपल्या राज्यातला. परभणीहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की थोड्या वेळानं केडगाव स्टेशन लागतं. आपण झोपेत असतो. या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचं आयुष्य म्हणजे प्रार्थना आणि मरण यांची रांगच. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक, सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरणारं. दुष्काळात अन्न संपलं तेव्हा या कुटुंबानं उपास, व्रतं, जप, दान, देवळातली सेवा यातलं काहीही करायचं ठेवलं नाही. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती. वय अजून पंचवीसही नाही. अशा बाईला देवावर राग धरायचा पूर्ण हक्क होता.

त्याच वर्षी हंटर आयोग पुण्यात आला. रमाबाईंनी साक्ष दिली ती कशाबद्दल? बायकांना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायच्या लाजेपायी आपल्या बायका जीव देतात, हे त्यांनी इंग्रज साहेबापुढं मांडलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या स्वतः डॉक्टर व्हायला. जमलं नाही, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. वर्षभरातच आनंदीबाई क्षयानं गेल्या.

परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला हललं. १८९३ मध्ये त्यावर मोठं वादळ उठलं, आणि ते प्रार्थनेवरूनच होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. रानडे, भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली, केसरीनं झोडपलं. आज कमेंटमध्ये जे भांडण चालतं त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेलीत, हे दोन्ही तटांनी लक्षात ठेवावं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या सरकारी दवाखान्यात बायकांची कशी आबाळ होते, मुली कशा असुरक्षित आहेत, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून उघड मांडलं. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर सँडहर्स्टनं आरोप फेटाळले, बाई हटल्या नाहीत. पहाटे उठून गुडघ्यावर बसणारी बाई सरकारी दवाखान्याला जाबही विचारत होती. मला रमाबाई इथं सगळ्यात जास्त आवडतात.

आणि मग १९०५. जानेवारीपासून केडगावात मुलींचे प्रार्थनेचे गट सुरू झाले आणि जूनमध्ये जे झालं ते जगाच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदलं गेलं. मुली रडत, ओरडत, तासन्‌तास प्रार्थना करत. एका मुलीला जणू अंगाला आग लागलीय असं वाटून दुसरी पाण्याची बादली घ्यायला धावली, अशी त्या वेळची हकिकत सांगतात. आज जगभर जो पेंटेकॉस्टल पंथ पसरलाय, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रार्थनासभा ज्या धाटणीच्या असतात, त्याचा उगम लोक अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये १९०६ साली धरतात. केडगाव त्याच्या वर्षभर आधीचं. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी इथल्या घटनांवर पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेत चिलीला त्यांच्या मैत्रिणीकडं पोचली आणि १९०९ मध्ये तिथं तीच लाट उठली. दौंडशेजारच्या एका गावातून चिली! आपल्या अभ्यासक्रमात याचा एक शब्द नाही.

एवढं सगळं ज्यांच्या अंगणात झालं त्या रमाबाईंचे कान बरे झाले का? नाही. बहिरेपण शेवटपर्यंत सोबत राहिलं. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली. कुणी म्हणावं की रमाबाईंचा विश्वास कमी पडला?

त्या वेळी त्यांच्या टेबलावर काय होतं? बायबलचंच भाषांतर. आधीचं मराठी बायबल सोवळ्या संस्कृत शब्दांनी भरलेलं, साध्या बायाबापड्यांना कळेना, म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आख्खा ग्रंथ सोप्या मराठीत आणला. जुळणी, छपाई मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मी वर ज्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या या बाईनं शब्द न्‌ शब्द तपासून मराठीत लिहिल्या. काटा न गेलेला पौलसुद्धा.

रमाबाई एकट्या नव्हत्या. ज्या काळात केडगावात गुडघे टेकले जात होते त्याच काळात मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस शस्त्रक्रिया करत होते. हा कॅनडातला माणूस १८८९ मध्ये आपल्याकडं आला, १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. मिशन दवाखान्यांची एक रीत होती, अजूनही काही ठिकाणी आहे: आधी प्रार्थना, मग चाकू. चाकूऐवजी प्रार्थना असं कुणी म्हणत नव्हतं.

आणि अगदी आपल्या उशाला जालना. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून बेथेल नावाची वस्ती वसवली. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेला हा माणूस, आणि वस्तीत बहुसंख्य मांग समाजाची माणसं. गावकुसाबाहेरच्यांना हक्काचं घर, शेत, शाळा. पुढे जालन्यात स्कॉटिश मिशनचा दवाखाना चालला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा आपला परतूर तालुका तिकडं गेला, त्यामुळं हा इतिहास परका म्हणायचं कारण नाही.

आता आजचं. तुराबुल हक साहेबांच्या उरुसात, पाथरीच्या साईमंदिरात, कुठल्याही देवीपुढं आपल्या जिल्ह्यातला माणूस दुखणं घेऊन जातोच. सगळ्या जातीधर्माचा जातो. दवा बी करो, दुवा बी करो, हे आपल्याकडचं जुनं शहाणपण आहे. कायदाही तेच मानतो. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा घरात, मंदिरात, दर्ग्यात, चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला हात लावत नाही, कुणाला इजा किंवा आर्थिक लुबाडणूक होत नसेल तोवर. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा मात्र गुन्हा. १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात मधुमेह, कर्करोग, अपस्मार असे आजार मंत्रानं, ताविजानं बरे करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. कुठल्याही धर्माचा असो, बाबा, बुवा, पास्टर, मौलाना, सगळ्यांना लागू.

टीबीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती मध्येच सोडली तर आजार औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्या बाकीच्यांनाही धोका. फिट्सची गोळी एकदम बंद केली तर झटके आणखी जोरात येऊ शकतात. साखरेचंही तसंच. ज्यांच्या ओळखीत कुणी असं औषध सोडलं असेल त्यांनी त्याच्याशी धर्मावर वाद घालू नका. त्याच्या घरी बायबल असेल तर यशयाचा अडतिसावा अध्याय काढून द्या, अंजिराचा. आणि सोबत दवाखान्यात जा, त्या चौघांसारखं.

जालना, परतूर, सेलू, मानवत भागातल्या कुणाच्या आजी-आजोबांनी जालन्याच्या मिशन दवाखान्यात उपचार घेतले असतील, कुणाचा जन्म तिथला असेल, तर कमेंटमध्ये लिहा. जुनी चिठ्ठी, केसपेपर, फोटो काही असेल तर तेही टाका, फक्त त्यावर कुणाचा आजार किंवा नाव दिसत असेल तर झाकून.